अनुभव धागा : फौजेतले वडील, फळ्यासमोरचे वडील

रानवारा (धागाकर्ता)

आमचे अण्णा गेले त्याला येत्या श्रावणात वर्ष होईल. गावात त्यांना दोन नावं होती. म्हातारी माणसं ‘मेजर’ म्हणायची, कारण आमच्या खटाव तालुक्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, लान्स नायक म्हणून पेन्शनीत आला तरी. आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं ‘मास्तर’ म्हणायची. अण्णा मेजर कधीच नव्हते. मास्तर मात्र ते फौजेतही होते.

लष्करात शिक्षकांची वेगळी कोअर असते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आर्मी एज्युकेशन कोअर, १९२१ साली सुरू झालेली. तिचं केंद्र पचमढीला. अण्णा शिवाजी विद्यापीठाचे बी.ए.; १९७४ साली थेट हवालदार म्हणून घेतले गेले. पचमढीचं ट्रेनिंग झालं की या मास्तरांना कुठल्याही पलटणीत टाकतात. काम एकच, जवानांना शिकवायचं. हिंदी, गणित, नकाशा वाचणं. आर्मीची थर्ड क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास अशी सर्टिफिकेटं असतात, ती असल्याशिवाय बढतीचं घोडं पुढे सरकत नाही. दिवसभर परेड करून दमलेला तीस वर्षांचा गडी रात्री बाकावर बसून अपूर्णांकांची बेरीज करतोय आणि झोपेनं पेंगतोय, असं अण्णांचं वर्णन असायचं. ‘त्याला छडी मारता येत नाही, त्याच्या शेजारी रायफल असते,’ असं ते म्हणत.

चार वर्षं ते मद्रास रेजिमेंटच्या एका बटालियनमध्ये होते. अख्ख्या पलटणीत एकटा सातारी माणूस. त्यांची युद्धघोषणा ‘वीर मद्रासी, अडी कोल्लू, अडी कोल्लू’. अडी म्हणजे हाण, कोल्लू म्हणजे ठार कर. १९९८ ला पेन्शनीत आल्यावर अण्णा गावच्या हायस्कूलात तासिकेवर हिंदी-भूगोल शिकवायला लागले, आणि खो-खोच्या पोरांना त्यांनी हीच घोषणा शिकवली. तालुक्याच्या स्पर्धेत आमची सातवी-आठवीची पोरं ‘अडी कोल्लू’ करत मैदानात उतरली. पंचांनी विचारलं, हे काय? अण्णांनी तोंडावरची माशीसुद्धा न हलवता सांगितलं, ‘जय बजरंगबलीचं तमिळ आहे.’

त्यांची हिंदी मात्र अस्सल सातारी. ‘लई’ हा शब्द त्यांना हिंदीतलाच वाटत असावा. आई म्हणायची, ‘तुम्ही त्यांना हिंदी शिकवून आलात का त्यांची बिघडवून आलात?’

तर धागा यासाठी. ज्यांचे वडील फौजेत होते, शिक्षक होते, किंवा दोन्ही होते, त्यांनी लिहा. पदकांच्या गोष्टी चालतील, पण घरातला माणूस कसा होता तेही सांगा. फक्त ‘बाबा ग्रेट होते’ एवढं लिहून पळू नका.

मंडणगडकर

बरं झालं धागा काढलात. फौजी आणि मास्तर म्हटलं की आमच्या तालुक्यात पहिलं नाव निघतं ते सुभेदार रामजी सकपाळांचं. आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. महूच्या लष्करी शाळेत ते चौदा वर्षं मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्मही तिथलाच, १८९१ चा. त्या काळी पलटणीत सैनिकांच्या मुलांना शाळा सक्तीची होती. गावात ज्याला पाटीला हात लावू देत नव्हते त्याचं पोर छावणीत पाढे म्हणत होतं. फौज आणि शाळा आमच्याकडे एकाच दारातून आली ती अशी.

ते दारही मग बंद झालं. इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपली तशी मोडूनही टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावला. माझे बाबा तिच्यात १९६३ साली गेले. चीनच्या लढाईनंतर भरतीला ऊत आला होता. त्यांचं शिक्षण सातवी. मध्य प्रदेशातल्या सागरला ट्रेनिंग, मग कुठे कुठे. १९७८ ला ते परत आले आणि आमच्याकडच्या एका हायस्कूलात शिपाई म्हणून लागले.

हो, शिपाई. शिक्षक नव्हते. घंटा द्यायची, पाण्याचा हौद भरायचा, टपाल आणायचं. पण जानेवारी लागला की मुख्याध्यापक स्वतः त्यांना बोलावून घ्यायचे आणि महिनाभर मैदान त्यांच्या ताब्यात असायचं. २६ जानेवारीची परेड बाबांशिवाय कोणी घेतली नाही, ते रिटायर होईपर्यंत. त्या दिवशी त्यांची खाकी शिपायाची नसायची, पेटीतली निघायची. छातीवर मेडलं. झेंड्याला सलामी देताना बी.एड. झालेले सगळे गुरुजी त्यांच्या हुकमावर ‘सावधान’ व्हायचे. मी तेव्हा सहावीत. ते ‘सावधान’ मला अजून ऐकू येतं.

घरी आम्ही तीन भावंडं, आणि पहाटे चारला उठवून अभ्यास. कंदिलाची काच पुसायची पाळी लावलेली. कुरकुर केली की म्हणत, ‘रामजीबाबा भीमरावाला रात्री दोनला उठवायचे. तुम्हाला दोन तासांची सूट दिलीय.’ रामजीबाबांची दुसरी गोष्टही ते नेहमी सांगत. मुलाला पुस्तक हवं असलं आणि खिशात पैसा नसला की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात, तिथून एखादा दागिना आणून मारवाड्याकडे गहाण ठेवत, आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. बाबासाहेबांनी स्वतःच ही आठवण सांगून ठेवलीय. बाबांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरल्यावर ती म्हणाली, ‘मला दागिने घालू नका, नाहीतर यांची पुस्तकं येतील त्यातून.’ आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. दागिने तिने खरंच केले नाहीत.

संत्रानगरी

आमचे बाबा फौजेत नव्हते. पण आमच्या घरात फौज होती, म्हणून लिहितो. चालत असेल तर ठेवा.

गणिताचे मास्तर आणि शाळेच्या एनसीसीचे अधिकारी. कामठीच्या ट्रेनिंगहून आले ते थर्ड ऑफिसर होऊन. मग सेकंड, मग फर्स्ट. एनसीसीत हा क्रम उलटा चढतो हे शेजाऱ्यांना सांगता सांगता आईचा जीव गेला. ‘थर्डवरून फर्स्ट म्हणजे बढतीच आहे हो, नापास नाही झाले!’

शनिवारी रात्री आमच्या घरी युद्धाची तयारी. आई भाताच्या पेजेची खळ करून खाकी कपडे त्यात बुडवायची. ते वाळले की शर्ट आपल्या पायावर उभा राहील असा कडक. मी ब्रासो लावून बक्कल घासायचो, धाकटा बूट. बाबा मधूनच येऊन बुटात तोंड पाहायचे. दिसलं नाही की पुन्हा.

परेडनंतर पोरांना रिफ्रेशमेंट मिळायची. समोसा, केळं, कधी ब्रेड. अर्धी पोरं त्याच्याचसाठी यायची हे बाबांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ‘लेफ्ट-राइट शिकायला आलेला पोरगा उपाशी असला तर त्याचा लेफ्टही चुकते अन् राइटही,’ म्हणायचे. गणिताचे मास्तर असून रिफ्रेशमेंटचा हिशोब त्यांचा कधीच जुळला नाही. पदरचे पैसे जायचे. आई भांडायची. आमच्या घरी मात्र उरलेला समोसा म्हणून एकदाही आला नाही, याचा राग मला आजही आहे.

तिसरी लेक

सगळं वाचलं. छान लिहिलंय सगळ्यांनी. मला थोडं वेगळं लिहायचंय, कोणाला लागलं तर माफ करा.

आमचे आबा तोफखान्यात होते. वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. त्या दोन महिन्यांत घर आमचं राहायचं नाही. जेवताना बोलायचं नाही, चपला एका रेषेत, चादरीला सुरकुती नको. माझा भाऊ चार वर्षांचा असताना त्यांना ‘काका’ म्हणाला. आबांनी त्याला मारलं नाही. पण ते दिवसभर गोठ्यात बसून राहिले, आणि आम्हाला वाटलं त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

उरलेले दहा महिने कोण होतं? आई. शेत, दोन म्हशी, सासू, आम्ही चौघं. आजीचं दुखणं आईने काढलं, माझा टायफॉइड आईने काढला, विहिरीचं भांडण आईने तलाठ्यापर्यंत नेलं. लोक आम्हाला ‘फौजीची लेकरं’ म्हणत. आम्ही खरं म्हणजे फौजीच्या बायकोची लेकरं.

पण तुम्ही शिकवण्याबद्दल विचारलंय म्हणून एक सांगते. आई शाळेत गेली नव्हती. आबांची पत्रं यायची, फौजेच्या टपालाचा, ५६ एपीओचा शिक्का असलेली, आणि ती पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणजे आमच्या घरातलं सगळं आधी पोस्टमनला कळायचं. माझ्या जन्मानंतरच्या सुट्टीत आबांनी आईला बाराखडी गिरवायला लावली, आणि परत गेल्यावर प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ मोठ्या सुट्या अक्षरांत, फक्त तिच्यासाठी लिहायला लागले. आई ती ओळ चुलीपाशी बसून लावायची. कधी दोन दिवस लागायचे. लोकांना वाटतं त्यात प्रेमाचं काही असेल. मी ती पत्रं पाहिलीत. ‘म्हशीला डॉक्टर दाखव.’ ‘युरिया आता टाकू नको.’ ‘थोरलीला शाळेतून काढू नको.’

ही तिसरी ओळ आईने आजीला दाखवली, आजीला वाचता येत नसतानाही. थोरली शाळेत राहिली, म्हणून मागून आम्हीही राहिलो.

आबांना पेन्शन मिळाली, गावात सत्कार झाला, शाल-नारळ झाला. आईला कोणी बोलावलं नाही. ती सत्काराला आलेल्यांचा चहा करत होती.

मंडणगडकर

ताई, लागलं नाही कोणाला. आमच्या आईचंही लिहायला हवं होतं, ते राहिलंच. बाबा जम्मूला असताना तिने भाताची लावणी एकटीने केलेली, धाकटा पाठीला बांधून.

डिटडाह

बाबा सिग्नल्सचे. जबलपूरला शिकले आणि पुढे काही वर्षं तिथेच नव्या पोरांना मोर्स शिकवत होते. आम्हाला दोघा भावांनाही शिकवलं, जेवणाच्या ताटावर बोटाने वाजवून. घरात तीन पुरुषांची गुप्त भाषा झाली. आईने कारल्याची भाजी वाढली की बाबा गंभीर चेहऱ्याने वाटीवर तीन लहान, तीन लांब, तीन लहान ठोके द्यायचे. एस.ओ.एस. आम्ही फुटायचो.

मी आता मस्कतला असतो. शेवटच्या दिवसांत बाबांना बोलता येत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोट आपटत होते. भावाला वाटलं हात थरथरतोय. मी ठोके मोजले. ‘के’ होता. मोर्समध्ये त्याचा अर्थ, माझं झालं, आता तू बोल.

मी काय बोललो ते आठवत नाही.

घटप्रभा

आमचे दादा जंगी पलटणीचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे. बेळगावच्या सेंटरला भरती झाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. पलटण १७६८ ची आहे हे सांगताना त्यांचा सूर असा असायचा की जणू हेही तेव्हापासून तिच्यातच आहेत.

१९७१ च्या युद्धात ते आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. तिथली एक गोष्ट ते सांगत, तीही हसत. आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी पाकिस्तानी कर्नलला निरोप पाठवला, शरण या, नाहक माणसं मारू नका. उत्तरात चिठ्ठी आली आणि चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी. दादा म्हणत, ‘काही म्हणा, पत्राला उत्तर मात्र त्याच दिवशी दिलं. तुम्ही मामाच्या पत्राला महिना लावता.’ जंगी पलटण तेव्हा शहराच्या दक्षिणेला, टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसलेली. रात्री आतली फौज त्याच रस्त्याने बाहेर पडायला निघाली आणि थेट यांच्यावर आली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं.

त्या रात्रीबद्दल दादा एवढंच सांगत. ‘आली’ आणि ‘पडलं’. मधलं काही नाही.

पलटणीतून आल्यावर ते डी.एड. करून खानापूर तालुक्यात मराठी शाळेत लागले. मी त्यांच्याच वर्गात होतो, वर्गात ‘गुरुजी’ म्हणायचं असा घरातून दम होता. इतिहास ते फार रंगवून शिकवत. पावनखिंड शिकवताना बाजीप्रभूंच्या जागी मुलाला दारात उभं करायचे आणि बाकीच्यांना आत घुसायला लावायचे. दार एकदा मोडलंही. पण पुस्तकात ७१ चं युद्ध आलं, तिथे काय सगळा एक परिच्छेद, की कोणाला तरी उभं करून मोठ्याने वाचायला सांगत आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभे राहत. मुलांना कुठून तरी कळलेलं होतं. कोणी प्रश्न विचारत नसे. वाचणाऱ्याचं संपलं की वर्ग गप्प बसून राहायचा, आणि बाहेरून आवाज यायचा, ‘स्वाध्याय घ्या.’

एका वर्षी मला वाचायला उभं केलं. मी ‘९३ हजार सैनिक शरण आले’ इथपर्यंत वाचलं आणि खिडकीतून बघितलं. दादा पाठमोरे, हात मागे बांधलेले, विश्राममध्ये उभे राहतात तसे. त्यांच्या सोबतचे किती परत आले नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. आईलाही नाही.

संत्रानगरी

घटप्रभा, बाजीप्रभूचं दार कोणी भरून दिलं?

घटप्रभा

दादांनीच. दोन महिन्यांच्या पगारातून थोडं थोडं. नवीन दार सागवानी केलं, म्हणाले पुढच्या वर्षी पण पावनखिंड आहे.

नवीन सभासद

धाग्याला थोडं सोडून विचारते. वडील नाईक होते, दोन महिन्यांपूर्वी गेले. आईची फॅमिली पेन्शन अडकलीय. कागदात आईचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. कोणाला अनुभव?

रानवारा

आमच्याकडेही हेच झालं, फक्त आमच्यात जन्मतारीख नव्हती. वडिलांच्या डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स काढून ठेवा. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, निघालेला असतो, तो रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा, त्यावरून नातं सिद्ध होतं. नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे बहुतेक कोणी माजी सुभेदार बसलेला असतो, तो फॉर्म भरून देतो. आणि आता बरीच पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलवर गेलीय, तिथे आईचा मोबाइल नंबर जोडलेला आहे का बघा. एका ठिकाणी आम्हाला तीन खेपा घालायला लावल्या, शेवटी आईच म्हणाली, ‘चोवीस वर्षं मी यांच्या सुट्टीची वाट बघितली, यांच्या कागदाची बघायला काय होतंय.’

आणि ज्यांचे वडील आहेत त्यांनी ही कागदपत्रं आत्ताच वडिलांसमोर बसून नीट लावून घ्या. अण्णांनी सगळ्या पलटणीचे फॉर्म भरले, स्वतःच्या बायकोची जन्मतारीख भरायची राहिली. मास्तरच ते.

तिसरी लेक

@नवीन सभासद, आईंना सोबत न्या ऑफिसात. आमच्या आईने तिथे स्वतः सही केली. बाबू म्हणाला, अंगठा चालेल. ती म्हणाली, ‘चालेल तुम्हाला. मला नाही.’

रानवारा

धागा भरला, सगळ्यांचे आभार मानतो. तिसरी लेक, तुमचं लिहिणं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त ‘चहा’ला हसली.

माझं एक राहिलं होतं, लिहावं की नाही ठरत नव्हतं. अण्णांच्या तेराव्याला त्यांचा मोबाइल वाजला. साधा बटणांचा फोन, चार्जिंग आई रोज करत होती, का ते विचारू नका. नंबर सेव्ह केलेला होता, ‘सेकंड क्लास’ एवढ्याच नावाने. मी उचलला. पलीकडून एक म्हातारा आवाज. तिरुनेलवेलीहून. मास्टरजी आहेत का? मी हिंदीत सांगितलं, गेले.

बराच वेळ काही आलं नाही. मग तो बोलायला लागला. १९८३ ला अण्णांच्या वर्गात होता म्हणे. हिंदीचा एक शब्द येत नव्हता, नायकाची फीत अडली होती. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा परीक्षेच्या आधी महिनाभर अण्णा रोज रात्री त्याच्या बराकीत जाऊन बसायचे. सेकंड क्लास पास झाला, पुढे सुभेदार झाला. आता नातवंडं आहेत. दर दिवाळीला फोन करायचा, गेल्या दिवाळीला आजारी होता म्हणून राहून गेलं, म्हणून आज केला.

मी स्पीकर लावला, आई शेजारी येऊन बसली. तो सावकाश, एकेक शब्द जोडत बोलत होता, शिकवलेली हिंदी बोलतात तसा. म्हणाला, ‘मास्टरजी मेरे को लई याद आएगा.’

आईने माझ्याकडे पाहिलं. ‘लई’ म्हणाला, असं तिने फक्त ओठ हलवून विचारलं. मी मान हलवली.